बुडालेली पेठ आणि घाटाच्या सहा पायऱ्या: पहिलं कॅम्पेन कसं उभं करायचं

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत, फासे टाकत खेळायची गोष्ट, दोन-चार वेळा खेळून झाली की एक इच्छा हळूच डोकं वर काढते: आता गेम मास्टर, म्हणजे जग आणि त्यातली बाकीची माणसं चालवणारा, आपण व्हावं आणि जगही आपलंच असावं. ज्यांना असं वाटतंय, हा लेख त्यांच्यासाठी आहे. विकत मिळणारं तयार साहस चालवणं हाही चांगलाच मार्ग आहे, पण इथे बोलायचंय ते कोऱ्या वहीपासून सुरू होणाऱ्या कॅम्पेनबद्दल, म्हणजे एकाच जगात अनेक बैठका चालणाऱ्या खेळाबद्दल. मी चालवलेलं एक छोटं कॅम्पेन उदाहरण म्हणून शेवटपर्यंत सोबत घेते, म्हणजे प्रत्येक पायरीवर नेमकं काय लिहायचं ते डोळ्यांसमोर राहील.

आधी एक जुनी हकिकत. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेसलीने ब्राउनश्टाइन नावाच्या एका काल्पनिक जर्मन शहराचा युद्धखेळ मांडला. काळ नेपोलियनच्या युद्धांचा. दोन सैन्यं नेहमीप्रमाणे होतीच, पण या वेळी त्याने काही खेळाडूंना शहरातल्या माणसांच्या भूमिका दिल्या आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा वेगळा हेतू दिला. सैन्यं राहिली बाजूला. खेळाडू कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले, सौदे करायला लागले, एकमेकांना गोत्यात आणायला लागले. वेसलीला वाटलं डाव पार विस्कटला. खेळाडू मात्र ‘पुन्हा कधी?’ म्हणून त्याच्या मागे लागले. त्या गटात डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचं जग चालवलं आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्सच्या साथीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ लोकांसमोर आणला.

म्हणजे या खेळाच्या मुळाशी कथानक नव्हतंच. एक जागा होती, आणि त्या जागेत एकमेकांच्या आड येणाऱ्या इच्छा घेऊन वावरणारी माणसं होती. नव्या गेम मास्टरने पहिल्या दिवसापासून हेच धरून चालावं असं मला मनापासून वाटतं. गोष्ट टेबलावर घडते. घरी बसून तयार करायचा तो पेच.

पायरी १: माणसं जमवा आणि एकदा नुसतं बोला

जगाची एक ओळही लिहिण्याआधी खेळणारी माणसं ठरवा. तीन ते पाच खेळाडू ही पहिल्या कॅम्पेनसाठी सोयीची संख्या. दोघंच असले की एकाची दांडी पडली तरी डाव मोडतो, आणि सहाच्या पुढे गेलं की प्रत्येकाची पाळी यायला फार वेळ लागतो.

मग फासे न काढता एक बैठक घ्या. तिला ‘सेशन झिरो’ म्हणतात. किती सेशन, म्हणजे बैठका, खेळायची, किती तास, कुणी आलं नाही तर काय करायचं, लढाया किती हव्यात आणि बोलणं किती, पात्रं मेली तर चालेल का, हे सगळं इथे ठरतं. त्याचबरोबर, काय अजिबात नको हेही इथेच विचारायचं. रॉन एडवर्ड्स या गेम डिझायनरने यासाठी दोन शब्द रूढ केले, ‘लाइन्स’ आणि ‘व्हेल्स’. लाइन म्हणजे जी गोष्ट खेळात येणारच नाही. व्हेल म्हणजे जी घडली तरी पडद्याआड राहील, तिचं वर्णन होणार नाही. शिवाय जॉन स्टाव्ह्रोपूलोसने सुचवलेलं ‘एक्स-कार्ड’ टेबलाच्या मधोमध ठेवा: इंग्रजी फुलीचं अक्षर काढलेला एक साधा कागद. खेळताना कुणाला काही सोसेनासं झालं तर त्याने त्या कागदाला हात लावायचा. लगेच तो प्रसंग बदलायचा, आणि कारण कुणी विचारायचं नाही.

अनेकांना ही औपचारिकता वाटते, म्हणून आमच्या टेबलावर काय झालं ते सांगते. माझ्या डोक्यात कल्पना होती ती एका तळ्याची. तळं आटत चाललंय आणि तळाशी बुडालेलं जुनं शहर वर येतंय. त्यात अर्थात बुडून मेलेली माणसं होती, आणि सगळी भीती मी त्यांच्यावरच बेतली होती. सेशन झिरोला मी हे सांगितलं तेव्हा एक मैत्रीण थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘पाण्यात जीव गेलेलं माणूस मात्र दाखवू नकोस.’’ मी कारण विचारलं नाही. त्या रात्री वही घेऊन बसले. शहर बुडालं, पण त्यात प्रेतं नाहीत. मग काय आहे? बऱ्याच वेळाने उत्तर आलं: झोपलेली माणसं आहेत. तळघरांत, साठ वर्षं झोपलेली. त्या क्षणी मला माझं कॅम्पेन सापडलं. तिने ती मर्यादा घातली नसती तर प्रेतांचं शहर घेऊन मी टेबलावर आले असते, आणि तसली शहरं खेळाडूंनी ढिगाने पाहिलेली असतात.

पायरी २: नियम निवडताना बक्षीस कशाला आहे ते बघा

कोणत्याही नियमपुस्तकात पहिल्यांदा हे शोधा: पात्राला गुण कशाबद्दल मिळतात आणि पात्राचं काय खर्ची पडतं? खेळाडू त्याच दिशेने धावतात, मग तुमचं जग कितीही सुंदर असो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शोधून बाहेर आणलेल्या सोन्यावर अनुभवाचे गुण मिळत, म्हणून खेळाडू लढाई टाळून खजिना कसा पळवता येईल ते बघत. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये अंतराळयानाच्या कर्जाचा मासिक हप्ता पात्रांच्या मानगुटीवर असू शकतो. मग काम शोधायला त्यांना वेगळं कारण द्यावं लागत नाही. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये भयंकर गोष्टी पाहिल्या की पात्राचं मानसिक स्थैर्य अंकाअंकाने घटतं. सत्य कळणं आणि शाबूत राहणं यांतलं भांडण त्या एका आकड्यात आहे.

तुमच्या गटाला जो खेळ आधीच येतो तोच पहिल्यांदा घ्या. नवं जग आणि नवे नियम एकदम शिकवायला गेलात तर तुमची दमछाक होईल. पैसे खर्च करायचे नसतील तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुले आहेत.

पायरी ३: जग एका पानात

२००२ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित करणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने नव्या जगासाठी लोकांकडून कल्पना मागवल्या. अकरा हजारांहून जास्त कल्पना आल्या. पहिल्या फेरीत प्रत्येकाला मिळालं होतं फक्त एक पान. त्यातून निवडलं गेलेलं कीथ बेकरचं एबेरॉन २००४ मध्ये पुस्तकरूपाने आलं. इतकं मोठं जग एका पानावर मांडता आलं, तर आपल्या पहिल्या कॅम्पेनला त्याहून जास्त जागा लागू नये.

त्या पानावर सगळ्यात वर एक वाक्य लिहा, आणि त्या वाक्यात काहीतरी बदलत असलं पाहिजे. ‘एका तळ्याकाठी एक वस्ती आहे’ हे चित्र झालं. ‘तळं आटतंय, आणि जे कुणी मुद्दाम बुडवलं होतं ते वर येतंय’ यात घडामोड आहे. जगातली एखादी गोष्ट कालपर्यंत स्थिर होती आणि आज ढळली, तिथून कॅम्पेन सुरू होतं.

उरलेल्या पानावर वस्तीचं नाव, जगात जादू आहे का आणि कितपत, लोक कशाला भितात आणि बाहेरच्या माणसाला पहिल्या तासात काय दिसेल, एवढं पुरे. देवांची वंशावळ, हजार वर्षांचा इतिहास, सात राज्यांच्या राजमुद्रा हे सगळं लिहायला फार मजा येते हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या सेशनला त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही, आणि एकदा लिहिलं की ते खेळाडूंना ऐकवायचा मोह आवरत नाही.

नावांबद्दल एक सूचना. नावं जिभेवर सहज बसणारी ठेवा, आणि आपल्या भाषेत त्यांचा अर्थ लागत असेल तर फारच छान. माझ्या वस्तीचं नाव काठवाडी, बुडालेल्या शहराचं नाव पेठ. पुढच्या सेशनला कुणालाही आठवण करून द्यावी लागली नाही. तीन जोडाक्षरांची परकी नावं खेळाडू पहिल्या दहा मिनिटांतच ‘तो दाढीवाला’ आणि ‘ते डोंगरावरचं’ करून टाकतात.

पायरी ४: नकाशा

एक राहती वस्ती, एक धोक्याची जागा आणि दोन्हींच्या मधली वाट. सुरुवातीला एवढंच काढा. काठवाडीच्या नकाशावर पाच ठिकाणं होती: घाट, वस्तीतलं मोठं झाड, खडकावरचं दीपगृह, तळ्याच्या वरच्या अंगाचा बांध आणि पाण्यातून डोकावणारा घंटेचा मनोरा.

पुढे मोठा प्रदेश लागला तर षटकोनांची जाळी आखलेला कागद घेऊन प्रत्येक षटकोन सहा मैलांचा धरायची जुनी रीत कामाची आहे. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत साध्या चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे साधारण ३९ किलोमीटर अंतर कापलं जातं. म्हणजे दिवसाला चार षटकोन. हिशेब बोटांवर होतो आणि ‘तिथे पोचायला किती दिवस?’ या प्रश्नावर खेळ अडत नाही.

पायरी ५: तीन गट आणि प्रत्येकाचे तीन प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी सगळं घाईत झालं तरी चालेल, हे नाही.

तीन गट घ्या. दोनच घेतले की एक चांगला आणि एक वाईट ठरतो आणि खेळाडूंना निवड करायला काही उरत नाही. तीन झाले की कुणीतरी कुणाशी तरी हातमिळवणी करू शकतं, आणि ती हातमिळवणी मोडूही शकतं. प्रत्येक गटासाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: त्यांना काय हवं आहे, त्यांच्या हातात काय आहे, आणि ते कशाला भितात?

माझ्या वहीतलं पान असं होतं. नावाडी: त्यांना तळ्यात पाणी हवं, कारण पाणी गेलं की पोट गेलं. त्यांच्या हातात सगळ्या नावा आहेत, त्यामुळे मनोऱ्यापर्यंत त्यांच्याशिवाय कुणी जाऊ शकत नाही. भीती ही, की पोरं वल्ही टाकून कुदळी उचलतील. त्यांची म्होरकी तारू. दुसरे पेठकरी: शहर बुडालं तेव्हा निसटलेल्यांची नातवंडं. त्यांना आजोबांची घरं परत हवी आहेत. हातात जुने दस्तऐवज आणि भरपूर माणसं. भीती ही, की दस्तऐवज खोटे निघतील. त्यांचा पुढारी भानक. तिसरे दिवेकरी: खडकावरचा दिवा राखणारे मोजके लोक. पेठ कधीच वर येऊ नये असं त्यांना वाटतं. त्यांच्याकडे बांधाच्या दरवाजाची किल्ली आहे. भीती मनोरा उघडण्याची. त्यांची मुख्य मौनी.

आता बघा. नावाडी आणि दिवेकरी दोघांनाही पाणी हवंय, म्हणजे ते स्वाभाविक मित्र. पण दिवेकरी कशासाठी पाणी राखतायत ते तारूला कळलं, तर ही मैत्री एका रात्रीत तुटेल. पेठकऱ्यांची मागणी न्याय्य आहे, आणि तरी ती पुरी झाली तर अनर्थ होईल. खेळाडू कुणाच्याही बाजूने गेले तरी काहीतरी गमावणारच. असा तिढा जमला की गट बरोबर बसले असं समजायचं.

प्रत्येक गटाला एकच तोंड द्या, म्हणजे बोलायला समोर येणारं एक माणूस. त्या माणसाला एक लकब द्या, जी तुम्हाला आवाज न बदलताही करता येईल. तारू बोलताना समोरच्याकडे बघत नसे, पाण्याकडे बघत असे. मी खिडकीकडे मान वळवली की टेबलावरच्या सगळ्यांना कळायचं, तारू बोलतेय.

पायरी ६: घड्याळ लावा

जग खेळाडूंची वाट बघत थांबलेलं असलं की ते नाटकाच्या नेपथ्यासारखं वाटतं. म्हणून खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय काय घडत जाईल, ते टप्प्याटप्प्याने लिहून ठेवा. २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये आणि २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये यासाठी वर्तुळाचे भाग रंगवत जायची पद्धत आहे, तिला ‘क्लॉक’ म्हणतात. मी वर्तुळाऐवजी घाटाच्या पायऱ्या घेतल्या. पाणी जसजसं खाली जाईल तसतशी एकेक पायरी उघडी पडेल.

पहिली पायरी: मनोऱ्याचं टोक दिसतं, काठावर बघ्यांची गर्दी. दुसरी: छपरं वर येतात, पेठकरी तंबू ठोकतात. तिसरी: नावा चिखलात रुततात, नावाडी आणि पेठकरी यांच्यात पहिली मारामारी. चौथी: कुणीतरी पहिलं तळघर फोडतं, दुसऱ्या सकाळी काठवाडीतला एक मुलगा झोपेतून उठत नाही. पाचवी: खाली कोण आहे याची पर्वा न करता दिवेकरी वरच्या बांधाचा दरवाजा पुन्हा उघडायचं ठरवतात. सहावी: तळं कोरडं, आणि झोपलेले जागे होतात.

दर सेशनला एक पायरी, हा साधा नियम. खेळाडूंनी पाण्याशी किंवा गटांशी काही केलं तर पायरी पुढे ढकला किंवा दोन पायऱ्या एकदम उघड्या पाडा. घाटाचं हे चित्र मी लपवलं नाही, टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं. सेशनच्या शेवटी खडूने एक पायरी कोरडी रंगवायची. चौथ्या सेशनपर्यंत मी खडू उचलला की खोलीत शांतता व्हायची.

पायरी ७: रहस्य असेल तर उत्तर आधी ठरवा, आणि तीन वाटांनी पोचवा

‘पुढे सुचेल तसं ठरवू’ असं म्हणून रहस्य सुरू करू नका. खेळाडू फार बारकाईने ऐकतात, आणि कुठे पाणी मुरतंय ते त्यांना लवकर कळतं. माझं उत्तर ठरलेलं होतं: साठ वर्षांपूर्वी पेठेत झोपेची साथ आली. झोपलेलं माणूस उठेना, आणि त्याच्या जवळ झोपणारंही उठेना. साथ पसरू नये म्हणून तेव्हाच्या दिवेकऱ्यांनी बांधाचा दरवाजा उघडून शहर पाण्याखाली घातलं.

हे खेळाडूंना कळायचं कसं? जस्टिन अलेक्झांडरने मांडलेला एक नियम मी कधी मोडत नाही: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवायचे. त्यामागचा हिशेब सरळ आहे. एकच धागा असेल आणि तो हाती लागण्याची शक्यता निम्मी असेल, तर दोनातल्या एका वेळी कॅम्पेन तिथेच अडकेल. तसेच तीन धागे स्वतंत्रपणे ठेवले, तर तिन्ही हुकण्याची शक्यता आठात एक.

धागे वेगवेगळ्या जातीचे ठेवा: एक जागेत, एक माणसात, एक लिखाणात. माझे असे होते. मनोऱ्यातल्या घंटेचा लोलक काढून कापडात गुंडाळून बाजूला ठेवलेला, म्हणजे त्या रात्री घंटा वाजू नये याची कुणीतरी आधीच तजवीज केली होती. दिवेकऱ्यांच्या जुन्या नोंदवहीत बुडण्याच्या आदल्या दिवसाची नोंद: ‘उद्या नावा पाण्यात नकोत.’ आणि एका म्हाताऱ्या नावाडणीच्या अंगाईतली ओळ, ‘झोपलेल्यांना पाणी पांघरलं’. लोलक खेळाडूंना सापडलाच नाही. वही त्यांनी चाळली, पण ती नोंद त्यांच्या लक्षात आली नाही. अंगाई मात्र तिसऱ्या सेशनला ऐकलेली, चौथ्याच्या मध्यात एकाला आठवली. त्याने ती हळू आवाजात म्हटली, आणि मग सगळे वहीकडे धावले.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ज्याच्यावाचून पुढे जाताच येत नाही असा धागा फाशांच्या हवाली करू नका. योग्य ठिकाणी शोधलं की तो मिळाला पाहिजे. फासे टाकायचेच असतील तर तो किती लवकर मिळतो, किंवा शोधताना कोण पाहतं, यासाठी टाका.

पायरी ८: एक छोटा तक्ता

वाटेत अचानक काय घडेल यासाठी दोन सहाबाजू फाशांचा तक्ता करा, २ ते १२. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ७ देणाऱ्या सहा आहेत. २ आणि १२ देणारी प्रत्येकी एकच. म्हणून मधल्या आकड्यांवर रोजचं ठेवा (७: पेठकऱ्यांची टोळी घराच्या हद्दीवरून भांडतेय) आणि टोकांना दुर्मीळ (१२: चिखलातून कुणाच्या तरी संथ श्वासाचे बुडबुडे). एकच वीसबाजू फासा वापरला तर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के, आणि नेहमीचं काय, विरळा काय हा फरकच पुसला जातो.

पायरी ९: पात्रं जगाला बांधा

प्रत्येक खेळाडूला पात्र तयार करतानाच एक प्रश्न विचारा, आणि त्यात थोडं गृहीत धरा. ‘तुझं तारूशी नातं आहे का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ म्हणून तो मोकळा होईल. ‘तारूने तुझा जीव वाचवला होता, त्या बदल्यात तिने काय मागितलंय?’ असं विचारा. आमच्या एका खेळाडूने उत्तर दिलं, ‘‘तिच्या मुलाला वल्हं मारायला शिकवायचं.’’ घाटाच्या चौथ्या पायरीवर जो मुलगा उठत नाही, तो कोण असणार हे मला त्या क्षणी कळलं.

खेळाडूंकडून जगही थोडं मागून घ्या. ‘या तळ्याबद्दल लहानपणी काय ऐकलंय?’ असं विचारल्यावर एकीने सांगितलं, की काठावर कुणी दुपारी झोपत नाही. हे माझ्या वहीत नव्हतं. पण झोपेच्या साथीशी ते इतकं जुळलं की मी तिथल्या तिथे ते खरं धरलं. खेळाडूंनी घातलेली भर जगात टिकते हे एकदा दिसलं की ते आणखी मन लावून ऐकतात.

पायरी १०: पहिलं सेशन

सगळे एका खोलीत भेटतात आणि कुणीतरी काम सोपवतो, ही सुरुवात मंद असते. घटना चालू असताना सुरू करा. आम्ही सुरू केलं ते असं: ‘‘तुम्ही सगळे तारूच्या नावेत आहात. मनोऱ्याच्या टोकाला नाव घासलीय, भोक पडलंय आणि पाणी आत येतंय. मनोऱ्याची खिडकी हाताच्या अंतरावर आहे. काय करता?’’ काठवाडीचा इतिहास ते अंग कोरडं करत असताना आपसूक आला.

पहिल्या सेशनसाठी वहीत एवढंच असू द्या: ही सुरुवात, तीन तोंडं, दोन-तीन जागांचं दोन-दोन ओळींत वर्णन, वेळेला उपयोगी पडतील अशी दहा कोरी नावं आणि तक्ता. खेळाडू तुम्ही न आखलेल्या दिशेला गेले तर घाबरू नका. तीन गटांची उत्तरं पाठ असतील तर ‘हे ऐकून भानक काय करेल?’ एवढं स्वतःला विचारलं की पुढचा प्रसंग मिळतो. अगदीच सुचेनासं झालं तर दहा मिनिटांची विश्रांती घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

सेशन संपलं की उठण्याआधी विचारा, ‘पुढच्या वेळी काय करायचा विचार आहे?’ उत्तर लिहून घ्या आणि पुढची तयारी फक्त तेवढ्याचीच करा. माझ्या मते गेम मास्टरचा वेळ वाचवणारी याच्याइतकी मोठी युक्ती दुसरी नाही. मग त्याच रात्री, आठवण ताजी असताना, पाच ओळी लिहा: कोण भेटलं, काय कबूल केलं, काय मोडलं, कोणता धागा हाती लागला, आणि प्रत्येक गट आता काय करणार.

कॅम्पेनची लांबी आधीच ठरवा. पहिल्यासाठी सहा ते आठ सेशन बेताची. मूळ प्रश्नाचं उत्तर टेबलावर आलं की सेशन शिल्लक असली तरी थांबा. आमच्या घाटाची सहावी पायरी कधी कोरडी झालीच नाही. पाचव्या सेशनला खेळाडूंनी मौनीकडून किल्ली घेतली. दरवाजा अर्धाच उघडायचा, तळघरं बुडतील पण छपरं वर राहतील, असा तोडगा त्यांनी तारू आणि भानकला एका नावेत बसवून रात्रभर पटवून दिला. पाणी चढू लागण्याआधी तारूच्या झोपलेल्या मुलाला घेऊन एकटं पात्र पेठेत खाली उतरलं, त्याच्याजवळ जागं राहायला. ते माझ्या मैत्रिणीचं पात्र होतं. तिने फासे बाजूला सारले आणि म्हणाली, ‘‘इथेच थांबूया.’’ मी खडू खाली ठेवला.